गेलेले पैसे : जुगार रोखण्यासाठी गावात केलेल्या कामाच्या नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

वाचनालयात पहिली बैठक झाली. सहा जण होतो. मी, गणिताचे सर, गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई, बचत गटाच्या अध्यक्ष वहिनी, दूध संस्थेचे सचिव आणि भजनी मंडळाचे आप्पा.

परवा, २२ तारखेला, ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. २० ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर, २२ ला सही. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं, कारण घरची माणसं तोंड उघडत नाहीत ती पोलिसांच्या भीतीनंच.

आप्पा म्हणाले, "मग झालंच की काम. सरकारनंच बंद केलं."

सचिव काही बोलले नाहीत. त्यांनी वही उघडली. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक घरांचा रोजचा पैसा दुधाचा, आणि दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. सहा महिन्यांत चार घरांची बिलं हातात पडायच्या आधीच उचलीत संपलेली. दूध तेवढंच, म्हशी तेवढ्याच, घरात आजारपण नाही की लग्नकार्य नाही. "ॲप बंद झाली म्हणून ही उचल थांबणार नाही," सचिव म्हणाले. "यातल्या दोन घरांत मोबाइलवर खेळत नाहीत. तिथं मटक्याचा आकडा आहे."

दोन गोष्टी ठरल्या. कुणाचंही नाव कुठेच लिहायचं नाही, या वहीतसुद्धा नाही. आणि 'जुगारी' हा शब्द आपल्या तोंडी येऊ द्यायचा नाही. 'खेळणारा' म्हणायचं. वाचनालयाच्या निधीतून सहा हजार रुपये मंजूर.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. संध्याकाळी तालमीत आठही मंडळांची पोरं बसली होती. मंडपात रात्री पैसे लावून पानं खेळू नका, एवढंच सांगायला गेलो होतो.

एका पोरानं सरळ विचारलं, "ताई, आरास राखायला रात्री चार जण लागत्यात. झोप कशी घालवायची ते सांगा." प्रश्न खरा होता आणि आमच्याकडे उत्तर तयार नव्हतं. नुसती पानं खेळा म्हटलं तर म्हणाला, "पैशाशिवाय तीन पत्तीला मजा न्हाई."

वाचनालयाचे दोन कॅरम द्यायचे ठरवले, सरांनी घरचा तिसरा. पाच मंडळं हो म्हणाली, तीन नाही. नाही म्हणणाऱ्यांशीही चहा पिऊनच उठलो.

१ सप्टेंबर, सोमवार. गौरीपूजन

ही नोंद रात्री दीड वाजता लिहिते आहे.

चौथ्या घरात (सचिवांच्या वहीतलं चौथं) हळदीकुंकवाला गेले होते. गौर दरवर्षीसारखी देखणी. हिरवं लुगडं, नथ, गजरा. गळ्यात बोरमाळ. गेली कितीतरी वर्षं ती बोरमाळ मी बघते आहे, या घरातल्या वहिनींच्या सासूबाईंची. आज तिच्या मण्यांवरून दिव्याचा उजेड नुसता घसरत होता. हात न लावताच कळलं, बेन्टेक्स आहे. वहिनींनी माझी नजर बघितली आणि पदर सावरत कुंकवाचा करंडा पुढे केला.

नंतर फुगड्या रंगल्या तेव्हा मागच्या दारी आल्या. म्हणाल्या, "सोनेतारण आहे. पाडव्यापर्यंत सोडवतो म्हणालेत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मागच्या पाडव्यालाबी हेच म्हणालेले."

मी त्यांना काही उपदेश केला नाही. किती दिवस चाललंय एवढंच विचारलं. चार वर्षं. आधी आकडा, मग करोनात मोबाइलवर रमी, आता सगळंच. पहिल्या वर्षी एकदा अठरा हजार लागले होते, तेव्हा घरात पेढे वाटले होते. "तेव्हा मीच वाटले ताई," हे त्या तीनदा म्हणाल्या.

९ सप्टेंबर, मंगळवार

अण्णांकडे दोन तास. वय ७६. मुंबईत गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले. आकडा तिथूनच सोबत आला आणि इथं पंधरा वर्षं सुटला नाही. आता वीसहून जास्त वर्षं लावलेला नाही. गावातल्या पोरांना समजावायचं तर आधी आपल्याला खेळ नीट माहीत हवा, म्हणून वही घेऊन बसले.

पूर्वी न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईला येत, त्यावर पैजा लागत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ च्या सुमारास ते भाव येणं थांबलं, तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीला आपला आकडा सुरू केला. दोन वर्षांनी रतन खत्री यांनी वेगळा. चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून काढत, म्हणून मटका. पुढे पत्ते आले. तीन पत्त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा. २, ५, ९ निघाले तर १६, म्हणजे सहाचा ओपन.

"चाळीत पगाराच्या दिवशी जिन्याखाली चिठ्ठीवाला उभा," अण्णा म्हणाले. "तुझं वाणसामान मागनं, त्याची चिठ्ठी आधी. आणि लागला की सगळ्या मजल्याला कळायचं. गेला की कुणाला सांगायचं? बायकोला? ती तर वाणसामानाची वाट बघत बसलेली."

खेळ सुटला कसा, यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी पैसे जिंकायला खेळतच नव्हतो शेवटी. गेलेले परत आणायला खेळत होतो. एक दिवस हिशेब मांडला आणि म्हटलं, गेले. मेल्यावर माणूस परत येतो का? तसे गेले."

या कामाचा कणा मला आज अण्णांच्या ओसरीवर मिळाला. लालूच सोडा, असं पोरांना सांगून काही होत नाही. गेलेल्या पैशांच्या मागे जाणं थांबवायला शिकवायचं आहे. आणि त्यासाठी 'माझे एवढे गेले' हे मोठ्यानं म्हणायला माणसाला जागा पाहिजे.

१४ सप्टेंबर, रविवार

बचत गटात सरांचा तास. बायका वीस. प्रत्येकीला पन्नास चिंचोके. अध्यक्ष वहिनींच्या घरचं लहान मडकं, त्यात शून्य ते नऊ लिहिलेल्या दहा चिठ्ठ्या. दर फेरीला एक चिंचोका लावायचा, लागला तर नऊ मिळणार, आमच्याकडे सिंगलला, म्हणजे एका अंकाला, हाच भाव आहे. सर झाले बुकी.

तीस फेऱ्या. पहिल्या पाचातच आवाज वाढला. "माझा सात कसा येत न्हाई बघते!" "सात आत्ताच आलाय, आता यायचा न्हाई." मडक्याला मागची फेरी आठवत नाही, प्रत्येक वेळी दहाही चिठ्ठ्या आतच असतात, हे सरांनी मधेच थांबून दाखवलं. चिठ्ठ्या बाहेर ओतल्या, मोजल्या, परत टाकल्या. तरीही सातवाली सातवरच.

शेवटी हिशेब : ६०० चिंचोके लागले, ५८ वेळा आकडा लागला, ५२२ परत गेले, ७८ सरांच्या ओट्यात. वीसपैकी सात जणी फायद्यात. एका काकींचा सहा वेळा लागला, त्या २४ चिंचोक्यांनी वर. काकी उठून सगळ्यांना सांगत होत्या. तेरा जणी तोट्यात होत्या, पण त्यांच्यातली एकही आपण होऊन बोलली नाही. सरांनी तेवढंच दाखवलं : "आत्ता या खोलीत कुणाचा आवाज ऐकू आला?" खोली एकदम शांत झाली.

मग ज्या प्रश्नाची आम्ही तयारी केली नव्हती तो आला. "सर, दहाही आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभर जाऊन नव्वद येणार. म्हणजे शंभरात दहाच बुडतात. मग माझं घर का बुडालं?"

सरांनी फळ्यावर मांडलं. नव्वद खिशात घालून कुणी घरी जात नाही. ते पुन्हा लागतात, त्याचे सरासरीनं ८१ होतात, मग ७३, मग ६६. दहाव्यांदा शंभराचे पस्तीसच्या आत. दिवसात मटक्याचे बाजार अनेक, आठवड्यात दिवस सात. विचारणाऱ्या बाईंनी ते आकडे आपल्या गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर उतरवून घेतले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

चौथ्या घराला गटातून ४०,००० रुपये कर्ज दिलं. त्या घरच्या वहिनींच्या नवऱ्यानं, दादांनी, सांगितलं होतं, देणं एवढंच आहे, भावकीतल्या दोघांचं. वहिनींच्या नावावर कर्ज, रक्कम थेट त्या दोघांना. दादा हात जोडून म्हणाले, "आता पुन्हा न्हाई." आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मलाच जास्त वाटलं, कारण मीच आग्रह धरला होता.

२८ सप्टेंबर, रविवार

आशिया चषकाचा अंतिम सामना, दुबईत भारत-पाकिस्तान. चौकात पडदा लावला होता. भारत जिंकला, फटाके फुटले. त्यानंतर एक पोरगा वाचनालयाच्या कट्ट्यावर येऊन बसला. वय २१. हातातला मोबाइल उलटा धरलेला.

त्यानं सगळं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण आमच्यातल्या मोठ्यांना हे माहीत नाही. ॲप बंद झाली त्याच आठवड्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'आयडी' दिला. नाव आणि पासवर्ड. पाचशे भरले की हजार दिसतात. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर पाठवायचे. सामना कोण जिंकणार यावरच पैज असते असं नाही, पुढच्या सहा षटकांत किती धावा, याला 'सेशन' म्हणतात. एका सामन्यात वीस-पंचवीस पैजा. "ताई, मॅच बघायचीच राहिली. भारत जिंकला तवा मी रडत हुतो."

त्याच्या खात्यावरही दोनदा अनोळखी पैसे आले होते आणि पुढे पाठवायचे दीड हजार त्याला मिळाले होते. इथं मी त्याला थांबवलं. खातं भाड्यानं देणं म्हणजे दुसऱ्याच्या फसवणुकीचा पैसा आपल्या नावावर घेणं. तक्रार झाली की पहिल्यांदा त्याचंच खातं गोठणार. उद्या सर आणि तो बँकेत जातील, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या नंबरवर फोन करतील. वडिलांना सांगायचं की नाही, यावर तो तयार नाही. मी दबाव आणला नाही. फक्त घरी सोडलं आणि आई दार उघडेपर्यंत थांबले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा, आणि ग्रामसभा

ग्रामसभेत ठराव आला : खेळणाऱ्यांची नावं चावडीवर लावा, पाच हजार दंड करा. टाळ्या पडल्या. ठराव मांडणारे गृहस्थ मनापासून बोलत होते, त्यांचा पुतण्या यातच गेला आहे.

मी उभी राहिले. हात थरथरत होते. मी म्हटलं, नावं लागली तर उद्यापासून एकही बाई माझ्याकडे येणार नाही, कारण ते नाव तिच्या पोरांचंही असतं. लपवावं लागलं की खोटं बोलावं लागतं, आणि हा आजार खोट्यावरच पोसतो. आजार हा शब्द मी मुद्दाम वापरला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनीही २०१३ मध्ये तो दारू आणि अमली पदार्थांच्या शेजारी नेऊन ठेवला. मेंदूला चटक लागायला पोटात काही जावंच लागतं असं नाही.

"म्हणजे त्यांचा काही दोषच न्हाई?" मागून आवाज.

देणं त्यांनी फेडायचं आहे आणि घरच्यांपुढे उत्तरही त्यांनीच द्यायचं आहे, मी म्हटलं. पण ते चावडीवर नको.

ठराव आठ मतांनी पडला. मटक्याची चिठ्ठी घेणाऱ्यांविरुद्ध तक्रार करायचा ठराव मात्र एकमतानं झाला. जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे १८८७ पासून आहे, नवा काही लागत नाही.

सोनं वाटायला बाहेर पडले तेव्हा ते गृहस्थच पहिल्यांदा पुढे आले आणि आपट्याची पानं हातावर ठेवली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. दूध संस्था, रेशन दुकान, बसथांबा, पिठाची गिरणी अशा चार ठिकाणी फलक. मजकूर कमी ठेवला. 'खेळात पैसे जात आहेत? थांबता येत नाही? टेली मानस १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत.' खाली वाचनालयाची वेळ. ही केंद्र सरकारची सेवा २०२२ मध्ये याच दिवशी सुरू झाली. गिरणीतला फलक सगळ्यात उपयोगी पडेल असं आशाताईंचं म्हणणं. दळण होईपर्यंत बाईला वाचायला वेळ असतो आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

काल भाऊबीज झाली. आज सकाळी चौथ्या घरातल्या वहिनी आल्या, डोळे सुजलेले.

पाडव्याच्या रात्री मळ्यातल्या खोपीत पानांचा डाव होता. दादांनी खासगी सावकाराकडून २२,००० उचलले आणि रात्रीत घालवले. त्याहून वाईट पुढे आहे. ज्या दोघांचे आम्ही चाळीस हजार फेडले, त्यांनीच महिन्याभरात दादांना पुन्हा ३५,००० उसने दिले. फेडले म्हणजे माणूस सुधारला, असं त्यांना वाटलं.

ही चूक आमची, आणि आग्रह माझा होता म्हणून माझी. देणं एका फटक्यात फेडून आम्ही त्यांना पुढच्या खेळासाठी मोकळं केलं. पत परत मिळवून दिली, ओझं हलकं केलं, आणि खेळायची चटक होती तिथंच ठेवली. गटातल्या बायकांनी पै-पै जमवलेला पैसा. संध्याकाळी गटाच्या बैठकीत मी उभी राहून हे सांगितलं. कुणी रागावलं नाही. चिंचोकेवाल्या काकी म्हणाल्या, "शिकलो न्हवं? मग लिहून ठेव." म्हणून लिहून ठेवते आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

वाचनालयातून वहिनींनी १४४१६ ला फोन केला. पस्तीस मिनिटं. मी बाहेर बसले. नंतर आम्ही आणि सरांनी मिळून पुढचा मार्ग ठरवला, दादांना समोर बसवून.

सगळं देणं त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहायचं. पेन घेतलं आणि वीस मिनिटं त्यांनी काहीच लिहिलं नाही. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. मग एकेक ओळ उतरली. दूध संस्थेची उचल १२,०००. बोरमाळेवरचं सोनेतारण ५५,०००. भावकी ३५,०००. बचत गट ४०,०००. मोबाइलवरची तीन कर्जं २३,०००. सावकार २२,०००. बेरीज १,८७,०००. सप्टेंबरात हाच माणूस चाळीस म्हणाला होता. खोटारडा म्हणून नव्हे, आकडा तोंडातून निघत नाही म्हणून. पहिल्यांदा सांगितलेली रक्कम पूर्ण धरायची नाही, हा आमचा धडा.

दुधाचं बिल यापुढे वहिनींच्या खात्यावर. दादांच्या खात्याची यूपीआयची रोजची मर्यादा हजारावर. रोजच्या खर्चाला हातात रोख शंभर. भावकीला दोघांनी मिळून सांगायचं की उसने देऊ नका, मागितले तरी. फेड दरमहा थोडी-थोडी, दादांच्या कमाईतून, सासऱ्यांनी शेत विकून नाही. सासरे तसं म्हणत होते. मोबाइल कर्जवाल्यांतल्या एकानं ओळखीच्या सगळ्यांना फोन करून शिव्या दिल्या, त्याची तक्रार सरांनी करून दिली.

दादा एकदाच बोलले. "ताई, एक मोठा लागला असता तर हे सगळं फिटलं असतं." वहिनींनी वळून त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लागला होता की. अठरा हजार. त्यातलं काय राहिलं?"

९ नोव्हेंबर, रविवार

रविवारची पहिली बैठक. वाचनालयाची मागची खोली, रात्री आठ. देवळात नको, पंचायतीत नको. वाचनालयात माणूस पेपर वाचायलाही येतो, कुणी विचारत नाही.

दारू सोडून सात वर्षं झालेले एक भाऊ चालवतील. ते पुण्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आलेत, १९८६ पासूनचं ते व्यसनमुक्ती केंद्र. अशा बैठका कशा घ्यायच्या ते त्यांना ठाऊक आहे. जुगारासाठीही बैठका असतात, १९५७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये त्या सुरू झाल्या, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकांवरून बेतलेल्या. सूत्र तेच : फक्त आजचा दिवस.

आलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारायचे. आणखी आणखी पैसे लावावेत असं कधी वाटलं का? किती खेळता याबद्दल घरच्यांशी खोटं बोलावं लागलं का? जगभर प्राथमिक चाचपणीला हे दोन वापरतात. एकालाही 'हो' आलं तर पुढे बोलायचं.

सहा खुर्च्या मांडल्या. अण्णा आले आणि दादा आले. बाकी चार मोकळ्या.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. बालदिन

नववी-दहावीच्या वर्गांत सरांचा तास. विषय ठेवला होता संभाव्यता.

दहा रुपयांपासून सुरू करून हरलं की दुप्पट लावायचे, ही युक्ती अर्ध्या वर्गाला माहीत होती. सरांनी फळ्यावर दुप्पट करत नेलं. दहावा डाव ५,१२० चा, तोवर एकूण गेले १०,२३०. एकच आकडा धरून दहा वेळा लावला आणि दहाही वेळा आला नाही, असं किती वेळा होईल? मुलांचा अंदाज, शंभरात एखाद्या वेळी. उत्तर, शंभरात सुमारे पस्तीस वेळा. मागच्या बाकावर कुणीतरी शिट्टी वाजवली आणि सरांनी ती वाजवू दिली.

एक मुलगी म्हणाली, "सर, रमीत तर डोकं लागतं." लागतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही साठच्या दशकात रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हटलं, त्याच आधारावर कंपन्या उभ्या राहिल्या. नव्या कायद्यानं ऑनलाइन खेळात पैसे लावले तर कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. सर म्हणाले, डोकं समोरच्यालाही असतं, आणि रात्री दोन वाजता तिसरा डाव हरलेल्याचं ते ठिकाणावर नसतं.

मला बोलायचं होतं ते वेगळं. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसलं की मेंदू जास्त चिकटतो. रोज ठरलेल्या वेळी मिळालं तर इतका नाही. एका अंकानं हुकलं की 'थोडक्यात गेलं' वाटतं आणि हात पुन्हा पुढे जातो, पण हरणं हे हरणंच. मुलांना हे पटकन कळलं, मोठ्यांपेक्षा.

तास संपल्यावर एक मुलगा दप्तर आवरत रेंगाळला. "बाबांना फलकावरचा नंबर दाखवला तर मारतील का?" आशाताई उद्या त्याच्या घरी जातील, बीपी तपासायच्या निमित्तानं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बैठकीला चार जण. २८ सप्टेंबरचा पोरगा वडिलांसोबत आला. दोघं दोन टोकांना बसले. बायकांची बैठक वेगळी, बुधवारी दुपारी, नऊ जणी.

२१ डिसेंबर, रविवार

रात्री पावणेदहाला एका काकींचा फोन, हे घर वहीत नव्हतं. मुलगा जेवला नाही, बोलत नाही, 'माझ्यामागं तुम्ही सुखात राहाल' म्हणतोय.

आशाताई आणि मी गेलो. आशाताईंनी त्याच्याजवळ बसून सरळ विचारलं, "जीव द्यायचा विचार येतोय का?" मला वाटलं होतं असं विचारू नये. आशाताईंना प्रशिक्षणात उलटं शिकवलं आहे : विचारल्यानं विचार डोक्यात येत नाही, आलेला बाहेर पडतो. तो हो म्हणाला आणि रडला. आम्ही त्याला एकटं सोडलं नाही. १४४१६ ला त्याच्याच फोनवरून बोलायला लावलं. मधल्या वेळात शेतीची सगळी औषधं त्याच्या थोरल्या भावानं उचलून स्वतःच्या घरी नेली, कुलपात. रात्री भाऊ त्याच्या शेजारी झोपला.

मंगळवारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत न्यायचं. भाऊ सोबत जाणार, गाडीभाडं गटाच्या निधीतून.

तो म्हणत होता, "एक लाख चाळीस." त्याच्या आईला तोपर्यंत वाटत होतं की दहा लाख असतील. आकडा ऐकून काकी म्हणाल्या, "एवढंच व्हय रं? एवढ्यासाठी?" आणि त्याला पोटाशी धरलं.

११ जानेवारी २०२६, रविवार

बैठकीला सात जण. खोलीत सहाच खुर्च्या, सर दाराशी पायरीवर बसले.

२१ डिसेंबरचा मुलगा आला होता. गोळ्या सुरू आहेत, झोप लागते. अण्णांच्या शेजारी बसला.

सगळ्यांत शेवटी दादा बोलले. पंचाहत्तर दिवस झाले. मधे दोनदा मन गेलं, एकदा कल्याणचा आकडा विचारायला पानपट्टीपर्यंत जाऊन परत आले. मग म्हणाले, "देणं निराळं, पण चार वर्षांत माझे एकूण तीन लाख बारा हजार गेले." खोलीत कुणी हललं नाही. "ते गेले."

अण्णांनी नुसती मान डोलावली.

बाहेर आले तर वहिनी सचिवांशी बोलत होत्या. पहिल्या दहा दिवसांचं बिल, २,८६० रुपये, त्यांच्या खात्यावर जमा झालं. गटाचा हप्ता पाचशे त्यांनी लगेच मोजून दिला, पावती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली. बोरमाळ अजून सोनेतारणातच आहे, व्याज भरलं. संक्रांतीला गळ्यात काळे मणी घालीन म्हणाल्या.

पुढची बैठक १८ तारखेला. किल्ली आशाताईंकडे, दोन खुर्च्या शाळेतून आणायच्या.